मध्यभागी उभे केलेले मूल

मार्काच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात असा प्रसंग आहे की, गालीलातून प्रवास करीत कफर्णहूमास पोहोचल्यावर प्रभू येशूने आपल्या शिष्यांस वाटेत चाललेल्या वादाचा विषय विचारला आणि ते सारे खाली माना घालून गप्प राहिले, कारण आपल्यांत सर्वांत मोठा कोण, याच प्रश्नावर त्यांची जुंपली होती. त्या निरुत्तर मंडळीसमोर गुरूने अधिकाराची व्याख्या केली नाही, पदांची वाटणी केली नाही, की पेत्राला वा योहानाला पुढे बोलावून त्याच्या थोरपणाचा दाखला दिला नाही. त्याने एक लहान मूल घेतले, ते सर्वांच्या मध्यभागी उभे केले, मग त्याला कवेत घेतले आणि अशा बालकाला आपलेसे करणाराने मलाच आपलेसे केले, या आशयाचे उत्तर दिले. नेतृत्वाविषयीच्या प्रश्नाला इतके अनपेक्षित उत्तर धर्मवाङ्मयात दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि ज्या शाळांच्या भिंतीवर क्रूस आहे त्या शाळांनी या उत्तराचा जितका विचार करावयास हवा होता तितका केला आहे असे मला वाटत नाही.

या प्रसंगावरील प्रवचनांत बालकाच्या निष्पापतेचे वर्णन फार होते. मत्तयाने या ठिकाणी बालकासारखे नम्र होण्याचा उपदेश जोडला आहे हे खरे. परंतु मार्काने निष्पापतेचा उल्लेखही केलेला नाही, त्याचा रोख बालकाच्या गुणांवर नसून बालकाच्या स्थानावर आहे. ज्या रोमन साम्राज्याच्या छायेत तो मुलूख होता, त्याच्या कायद्यात पित्याची सत्ता अपत्याच्या जीवितापर्यंत पोहोचत होती आणि नको असलेले अर्भक उघड्यावर टाकून देण्याची रीत प्रतिष्ठितांच्या घरीही होती. यहुदी समाज त्या क्रौर्यापासून कटाक्षाने दूर राहिला. तरी न्यायसभेत मुलाची साक्ष त्याच्याही लेखी ग्राह्य नव्हती. मूल कोणाची शिफारस करू शकत नाही, उपकार फेडू शकत नाही, वादात बाजू घेऊन कोणाचे पारडे जड करू शकत नाही. ज्याच्याकडून कोणताही लाभ संभवत नाही असा मनुष्य समोर उभा करून, याच्याशी तुम्ही कसे वागता त्यावर तुमचा मोठेपणा ठरेल, असे जेथे सांगितले जाते, तेथे मूल हे शिकवण्याचा विषय राहत नाही. तेथे ते मोठ्यांची परीक्षा घेणारे प्रमाण होते.

असे असता आज आपल्याकडील अनेक ख्रिस्ती शाळांच्या माहितीपत्रकांत शिशुवर्गापासूनच नेतृत्वगुणांची जोपासना करण्याची ग्वाही दिलेली असते, आणि पालकही दाखल्याच्या रांगेत उभे असताना तीच ओळ बोटाने दाखवून एकमेकांस वाचून दाखवतात. चार वर्षांच्या मुलाला नेता करणे म्हणजे काय करणे, आणि ज्या श्रद्धेच्या पायाशी कफर्णहूमचा तो प्रसंग आहे तिच्या नावाने चालणाऱ्या संस्थेला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या अर्थाने पोहोचतो, हा प्रश्न मला केवळ शैक्षणिक वाटत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे.

शाळेत मुलाला मुलावर नेमण्याची जी पद्धत आधुनिक जगात पसरली, तिचे एक उगमस्थान आपल्याच देशात आहे. अँड्र्यू बेल नावाचा अँग्लिकन धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासेस एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा कारभार पाहू लागला. शिक्षक अपुरे आणि जुन्या शिरस्त्याला चिकटलेले. अशा अडचणीत त्याने तेथील एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढीत आहेत हे पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणण्याची तजवीज केली. शिक्षक ऐकेनात तेव्हा त्याने जेमतेम आठ वर्षांच्या एका मुलाला धाकट्यांना शिकवण्यास बसवले, आणि त्या मुलाने ते काम सुरेख पार पाडले. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेतही थोरल्या मुलाने धाकट्याचा हात धरून धूळपाटीवर अक्षर गिरवून घ्यावे हा परिपाठ होताच. बेलने १७९७ मध्ये लंडनला आपला प्रयोग छापून प्रसिद्ध केला. त्याच सुमारास क्वेकर पंथाच्या जोसेफ लँकास्टरने तशीच पद्धत लंडनच्या गरीब वस्तीत फार मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली. परंतु एका शिक्षकाच्या नजरेखाली शेकडो मुले बसवावयाची म्हटल्यावर हात धरून गिरवून घेणे मागे पडले आणि पहारा पुढे आला. लँकास्टरच्या शाळेत चांगल्या मुलांच्या छातीवर बिल्ले लटकू लागले, आणि चुकलेल्यांच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, त्यांना टोपलीत बसवून छताला टांगणे असल्या शिक्षा आल्या. स्वतः युद्धाचा धिक्कार करणाऱ्या पंथातील एका दयाळू मनुष्याच्या हातून मुलांची पलटण उभी राहिली, याचे मला अतिशय दुःख वाटते. कारण हेतू शुद्ध असूनही अधिकाराचे चिन्ह मुलाच्या छातीवर लावताच त्याच्या मनात काय उत्पन्न होते, याचा विचार करावयास तेथे कोणाला सवड झाली नाही.

हे काय उत्पन्न होते ते मी नगर जिल्ह्यातील एका मिशन शाळेच्या शिशुवर्गात पाहिले आहे. बाई हजेरीपट घेऊन कार्यालयात गेल्या होत्या आणि सेफ्टी पिनेने झग्यावर अडकवलेली लाल फीत मिरवणारी एक पाचेक वर्षांची मुलगी बाईंची फूटपट्टी घेऊन खुर्चीजवळ उभी होती. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा हुकूम ती बाईंच्याच सुरात, त्यांच्यासारखीच मान किंचित वळवून देत होती, आणि वर्ग खरोखर शांत होता. मागच्या ओळीत एका मुलाला आपल्या डब्याचे झाकण उघडत नव्हते. तो प्रथम मुसमुसू लागला आणि मग मोठ्याने रडू लागला. फीतवाल्या मुलीने त्यालाही तोंडावर बोट ठेवण्यास फर्मावले. तेव्हा त्याच्या शेजारचा एक काळासावळा, शर्टाची बटणे खालीवर लावलेला मुलगा जागेवरून उठला, डबा पोटाशी धरून त्याने झाकणाची कड दातांनी ओढली, झाकण सुटले, थोडी भाजी सांडली, ती त्याने बोटांनी गोळा करून पुन्हा डब्यात टाकली आणि तो आपल्या जागेवर येऊन बसला. बाई परत आल्यावर मुलीने त्याचे नाव सांगितले, कारण तो जागेवरून उठला होता. आणि त्याला भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागले. त्या मुलीला मी यत्किंचितही दोष देत नाही. तिला जे काम नेमून दिले होते ते तिने प्रामाणिकपणे केले. परंतु त्या वर्गात त्या दिवशी नेतृत्व कोणी केले असे विचारले, तर शुभवर्तमानाचे उत्तर आणि हजेरीपटाचे उत्तर एक येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, दुसऱ्याच्या रडण्याने उठणारे मूल जन्मतःच तसे असते, त्यात शाळेचे कर्तृत्व ते काय? येथे ख्रिस्ती विचारपरंपरेतच दोन सूर ऐकू येतात. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात अजून बोलूही न लागलेल्या एका अर्भकाचे वर्णन केले आहे. आपल्या दूधभावाला छातीशी पाहून त्याचा चेहरा मत्सराने पांढरा पडला होता, आणि त्यावरून त्या महापुरुषाने असे अनुमान काढले की बालकाचे निर्दोषत्व त्याच्या अवयवांच्या दुबळेपणात आहे, मनात नाही. चौदा शतकांनंतर थुरिंगियातील एका पाद्र्याच्या घरी जन्मलेल्या, आणि वर्षाचा होण्यापूर्वीच आईला पारख्या झालेल्या फ्रेडरिक फ्रोबेलला मात्र प्रत्येक बालकात ईश्वरी अंश उमलू पाहताना दिसला, आणि १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने चेंडू, ठोकळे, गाणी आणि फुलांचे वाफे यांवर आपली बालशाळा उभारली. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये अशा शाळांवर नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा ठपका ठेवून मनाई केली. फ्रोबेल पुढच्याच वर्षी वारला, आणि ती बंदी १८६० मध्ये उठली तेव्हा ते पाहावयास तो नव्हता. ज्याची सारी शिकवण ईश्वरापासून निघून ईश्वरापाशी पोहोचत होती, त्यालाच नास्तिक ठरवले गेले. राजसत्तेला बालकांच्या स्वातंत्र्याचे भय किती वाटते याचा हा दाखला आहे.

या दोघांपैकी एकाची निवड करावी असे मला कधीही वाटलेले नाही. ऑगस्टीनला दिसलेला मत्सर रोज सकाळी शिशुवर्गात पाटीवरून, खेळण्यावरून, बाईंच्या शेजारच्या जागेवरून दिसतो. आणि फ्रोबेलला दिसलेला अंकुरही त्याच वर्गात, त्याच मुलांत दिसतो. ज्या मुलाने दातांनी झाकण उघडले, त्यानेच दुसऱ्या दिवशी कोणाला चिमटा काढला असेल. म्हणून संस्कार म्हणजे दुष्टाला सुष्ट करणे नव्हे, की आपोआप उमलणाऱ्या कळीकडे नुसते पाहत बसणेही नव्हे. मुलाच्या ठायी जी दोन बीजे एकत्र पडलेली असतात, त्यांपैकी कोणत्या बीजाला वर्गाची रचना पाणी घालते, हा खरा मामला आहे. लाल फीत एका बीजाला पाणी घालते. धाकटे भावंड सांभाळावयास देणे दुसऱ्याला घालते.

हे आमच्याकडे कोणी जाणले असेल तर ते पंडिता रमाबाईंनी. त्यांचे स्वतःचे शिक्षण पहाटे, आई लक्ष्मीबाईंच्या मांडीवर झाले. घरच्या आणि आल्यागेल्यांच्या कामांतून दिवसा सवड होत नसे म्हणून ती माउली झोपेने जडावलेल्या मुलीला लाडाने गोंजारून जागी करी आणि पक्ष्यांच्या किलबिलाटात तोंडी पाठ देई. मोराव्हियातील ख्रिस्ती बंधुसंघाचा धर्माध्यक्ष कोमेनियस याने सतराव्या शतकात पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि आईची कूस हीच पहिली शाळा ठरवली. त्याचे नावही न ऐकलेल्या एका कर्मठ शास्त्र्याच्या पत्नीने ती शाळा प्रत्यक्ष चालवली होती. रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, परंतु त्यांच्या ठायी असलेल्या विद्येच्या प्रेमाचा आणि सहनशक्तीचा पाया त्या पहाटेच्या पाठांत घातला गेला होता, आणि तो पाया घालणारी स्त्री हिंदू होती. ख्रिस्ती शाळेने ही गोष्ट कृतज्ञतेने ध्यानात ठेवावी, कारण तिच्या वर्गात येणारे बहुतेक प्रत्येक मूल अशाच कोणत्या तरी आईच्या शाळेतून संस्कार घेऊन आलेले असते.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या, आणि मोठमोठ्या सभांतून व्याख्याने देण्याच्या धामधुमीतही त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचा अभ्यास करण्यास वेळ काढला. बालविधवांच्या शिक्षणासाठी निधी जमवण्यास निघालेल्या संस्कृत पंडितेला रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळे यांत काय दिसले असावे? मला वाटते, तिला असे दिसले की जिला समाजाने अपशकुनी म्हणून घराच्या कोपऱ्यात बसवले, तिच्या हाती बालके सोपवली तर ती त्यांची गुरू होईल आणि मग तिला कोणी कोपऱ्यात बसवू शकणार नाही. मुंबईस ११ मार्च १८८९ रोजी अशा मुलींसाठी त्यांचे शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि त्यांच्या कार्यात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

शारदासदन पुण्यास आल्यानंतर जो वाद पेटला तो मी टाळून पुढे जाणार नाही. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, प्रत्येकीने आपापला आचार पाळावा, असा करार होता. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार मात्र उघडे असे, आणि मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा करारभंग होता काय? रमाबाईंच्या बाजूने असे म्हणता येईल की, जिने आपली श्रद्धा लपवली ती मुलींना सचोटी काय शिकवणार. रानड्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, जिच्या हातात अन्न, वस्त्र आणि निवारा आहे तिचे उघडे दार हे पोरक्या मुलीसाठी केवळ दार राहत नाही. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. परंतु प्रश्न अगदी लहान मुलांचा असेल तेव्हा माझे मन रानड्यांच्या बाजूकडे झुकते. रोमच्या धर्मपीठाने १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचे वय खाली आणताना सुमारे सातव्या वर्षी विवेकाचा उदय होतो असे धरले आहे. तेव्हा त्या वयाखालच्या मुलाकडून श्रद्धेची कबुली मागणे हे खुद्द चर्चच्याही दृष्टीने अकाली आहे. त्याला नाताळचा गोठा दाखवावा, हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगावी, जेवणापूर्वी हात जोडावयास शिकवावे. त्याच्या घरच्या देव्हाऱ्याविषयी त्याला लाज वाटेल असा एक शब्दही उच्चारू नये, आणि नरकाचे भय तर कदापि घालू नये. त्या वयात भयाने जे शिकवले जाते ते पुढे भयापुरतेच शिल्लक राहते.

या वादानंतर रमाबाईंच्या जीवितकार्याचे जे पर्व आले, त्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत स्पष्ट दिसते. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर, जेथे फळझाडे लावून शारदासदनाला स्वावलंबी करण्याचा बेत होता, तेथे मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २००० वर गेली. उपासमारीतून आलेल्या मुलीचा जगाविषयीचा अनुभव असा असतो की हिसकावून घेतल्याखेरीज घास मिळत नाही. अशा शेकडो मुलींचा बंदोबस्त लँकास्टरच्या पद्धतीनेही करता आला असता. रमाबाईंनी तसे केले नाही. आधी सदनात वाढलेल्या मुलींपैकी कित्येकींकडे त्यांनी नव्याने आलेल्यांची काळजी सोपवली: त्यांना न्हाऊ घालावयाचे, खरूज धुवावयाची, पेज भरवावयाची. जी स्वतः काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी दारातून हाकलली गेली होती, तिच्यावर आता दुसऱ्या जीवाची जबाबदारी आली. पुढे त्याच आवारात शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभे राहिले, अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकवले जाऊ लागले, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे तेथल्या स्त्रियांनी जुळवून ते तेथेच छापले. दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना जे दिले ते नेतृत्वाचे शिक्षण नव्हते काय? त्या शिक्षणात अधिकाराआधी सेवा आली होती, आणि ती सेवा आपल्याहून दुबळ्याची होती. शाळेत नेमके उलटे घडते, तेथे सेवा वरिष्ठांची होते आणि अधिकार दुबळ्यांवर चालतो.

मला याचा अर्थ असा दिसतो की, शिशुवर्गात नेतृत्व शिकवण्याचा मार्ग मुलाला इतरांपुढे उभे करण्यात नसून त्याच्या शेजारी त्याच्याहून लहान कोणी तरी बसवण्यात आहे. पाच वर्षांच्या मुलाने तीन वर्षांच्या मुलाच्या हातावर तांब्याने पाणी घालावे, त्याच्या चपलेचा पट्टा लावून द्यावा, तो रडू लागला तर बाईंना बोलवावयास जावे. आणि हे काम आठवड्याच्या पाळीने चुणचुणीत मुलांनाच न देता सर्वांना द्यावे, विशेषतः ज्याला कोणी कधी काही सोपवीत नाही त्याला. असे काम मिळालेले मूल घरी जाऊन आपण कोणाचे साहेब झालो असे सांगत नाही, ते त्या धाकट्याचे नाव सांगते. शाळांच्या नित्यक्रमात अशा कामाला तासिका नाही, गुणपत्रकात रकाना नाही, आणि संमेलनाच्या व्यासपीठावर ते दाखवताही येत नाही. त्यामुळे ते मागे पडते.

मात्र मुलांकडून हे मागण्यापूर्वी शाळेच्या मंडळीने स्वतःच्या घराची पाहणी करावी. मूल उपदेश ऐकते त्याहून फार अधिक ते मोठ्यांचे परस्परांशी वागणे पाहते. मुख्याध्यापक शिपायाला कोणत्या शब्दांत हाक मारतात, वर्ग झाडणाऱ्या मावशी खोलीत आल्यावर बाई पाय बाजूला घेतात की उठून खुर्ची सरकवतात, फी थकलेल्या मुलाचे नाव वर्गात मोठ्याने वाचले जाते की पालकाला बोलावून बंद दाराआड सांगितले जाते, यांतून चार वर्षांचे मूल मोठा कोण या प्रश्नाचे उत्तर दररोज लिहून घेत असते. पवित्र गुरुवारी वेदीपुढे पाय धुतले जातात ते वर्षातून एकदा. शाळेचे आवार वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस उघडे असते.

आणि या आवारात सर्वांत खालच्या पायरीवर आज कोण आहे? अनेक ठिकाणी ती शिशुवर्गाची बाई आहे. तिचा पगार वरच्या वर्गांतील शिक्षकांहून कमी, तिची नेमणूक पुष्कळदा कायम नसलेली, तिच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च अनावश्यक समजला जातो, आणि शिक्षकांच्या सभेत तिचे मत शेवटी, उरलेल्या वेळात घेतले जाते. जी संस्था आपल्या श्रद्धेनुसार बालकाला मध्यभागी उभे करते, तिने त्याला कवेत घेणाऱ्या स्त्रीला दाराजवळची जागा द्यावी, ही विसंगती कोणत्याही माहितीपत्रकाने झाकली जाणार नाही. धर्मप्रांतांच्या आणि मिशनांच्या शिक्षण मंडळांनी नव्या इमारतींच्या योजना हाती घेण्यापूर्वी शिशुवर्गाच्या शिक्षिकांची वेतनश्रेणी प्राथमिक शिक्षकांच्या बरोबरीने आणावी, त्यांची पदे कायम करावीत, शाळेच्या कार्यकारी समितीत त्यांच्यापैकी एकीला हक्काची जागा द्यावी; आणि हे ज्या शाळेत झाले असेल तिने खुशाल आपल्या माहितीपत्रकात नेतृत्वाविषयी लिहावे.